डेडस्टॉकच्या नावाखाली शिकवणी

हणमंत गेल्याची बातमी आली तेव्हा माझा तिच्यावर विश्वास बसला नाही, आणि हे मी रीत म्हणून लिहीत नाही. आमच्या कॉलेजातल्या निवृत्त मंडळींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यानं आजवर दोन जिवंत माणसांना श्रद्धांजली वाहिली आहे. त्यांतल्या एकानं तर खाली स्वतःच हात जोडून ‘मी लातुरातच आहे’ असं कळवलं होतं. त्यामुळं नातीनं मेसेज वाचून दाखवला तेव्हा मी म्हणाले, “खरं कशावरून? त्याच्याच नंबरवर लाव.” तिनं लावला. पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, “ते न्हाईत आता.” आणि गणितात आयुष्य घालवलेल्या मी विचारलं, “मग कधी येतील?” पलीकडून फोन बंद झाला... तेवढ्यानं मला खरं वाटलं.

हणमंत आमच्या लातूरच्या कॉलेजात कम्प्युटर लॅबचा सहायक होता. मूळचा मुखेडकडचा. मी गणिताची विभागप्रमुख. हाताखालच्या माणसाबद्दल साहेबानं चार चांगले शब्द लिहावेत, तसा हा लेख असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं नाही. हणमंतनं मला शिकवलं, ही गोष्ट मी वीस-बावीस वर्षं लपवून ठेवली. ती सांगायला बसले आहे.

त्या वर्षी नांदेडहून विद्यापीठाचा नवा अभ्यासक्रम आला आणि त्यात गणिताच्या सॉफ्टवेअरचं प्रात्यक्षिक होतं. म्हणजे मॅट्रिक्स, समीकरणं, आलेख सगळं यंत्रावर सोडवायचं. जूनपासून शिकवायचं आणि शिकवणार विभागप्रमुख. तेव्हाची मी मला आज भेटली तर मी तिला दारातच गाठून दोन चिमटे काढीन. बावन्न वर्षांची, कडक खळीच्या साडीतली, फळ्यावर एकही आकडा न खोडता तास संपवणारी बाई. मीटिंगमध्ये ऐटीत म्हणाली, “त्यात काय एवढं?” आणि घरी येऊन रात्रभर जागी. माउस हातात धरला की तो माझ्या मनाविरुद्ध भलतीकडंच पळायचा.

शेवटी मी हणमंतला लॅबबाहेर गाठलं. म्हणाले, “सुट्टीत थोडं बघायचंय. कुणाला सांगायचं नाही.” तो म्हणाला, “न्हाई सांगत मॅडम.” इतक्या पटकन कबूल झाला की मला पहिला संशय तिथंच आला. याला यातून काय हवंय? दर मे महिन्यात कॉलेजातल्या सामानाची मोजदाद होते, तिला डेडस्टॉक तपासणी म्हणतात. मी त्याच नावाखाली रोज सकाळी लॅबमध्ये जाऊ लागले. आमचे शिपाई मामा पहिले आठ दिवस गप्प राहिले. मग एकदा किल्ली देताना म्हणाले, “मॅडम, कम्प्युटर हायत दहा. रोज एक मोजला तरी आज नववा दिवस. उद्या सुटका का?” मी त्यांना ‘कामाशी काम ठेवा’ म्हणून ठणकावलं, आणि पुढं महिनाभर ते मला पाहिलं की बोटांवर एक-दोन-तीन मोजायचे.

शिकवणी कसली, चौकशी आयोग होता तो. यंत्रानं उत्तर दिलं की मी जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर तेच गणित हातानं सोडवायची. तीन बाय तीनचा मॅट्रिक्स उलटायला यंत्राला डोळ्याचं पातं लवायचा वेळ, मला पंधरा मिनिटं. तेवढा वेळ हणमंत बाजूला, जरा मागं, शांत बसून राहायचा. घाई नाही, जांभई नाही. या शांतपणाचाही मला संशय. मनात हसत असणार मेला! एके दिवशी मी ओळीमागून ओळ लिहीत राहिले आणि यंत्र काही केल्या उत्तरच देईना. मी गरकन वळले, “काय करून ठेवलंस माझ्या मशीनला?” तो म्हणाला, “मी हातबी लावला न्हाई मॅडम. ओळीच्या शेवटी अर्धविराम दिला की ते उत्तर काढतंय, पण दाखवत न्हाई. पोटात ठिवतंय.” मी म्हणाले, “असलं कसलं यंत्र? उत्तर येतंय आणि सांगत नाही?” हणमंत खाली बघत म्हणाला, “आसतेत मॅडम.” हे यंत्राबद्दल होतं की माणसांबद्दल, याचा मी दोन दिवस विचार केला.

मग एक दिवस मी चोर पकडला. यंत्राला म्हणाले, शून्य पूर्णांक एकमध्ये शून्य पूर्णांक दोन मिळव आणि शून्य पूर्णांक तीन वजा कर. पहिलीतलं पोरही शून्य सांगेल. यंत्रानं शून्य सांगितलं नाही! दशांश चिन्हापुढं सोळा शून्यं आणि मग पाच, पाच. मी खुर्चीतून उठलेच. “बघ! तुझं यंत्र खोटं बोलतं. मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते.” एवढा आनंद मला पोराच्या लग्नात झाला नव्हता. हणमंतही हसला, पण कसा... आपल्याच पोरानं कुस्ती मारावी तसा. म्हणाला, “खोटं न्हाई मॅडम. आपल्याला एक तृतीयांश दशांशात पुरा लिवता येतो का? तीन-तीन-तीन लिवीत बसावं लागतंय. तसं त्याला एक दशांश लिवता येत न्हाई. त्याच्यापाशी शून्य आन् एक, दोनच आकडे. जेवढं मावलं तेवढं ठिवतंय.” मग जरा थांबून म्हणाला, “पोरान्ला पहिल्या दिशी हेच दाखवा. यंत्रावर इश्वास ठिवू नका म्हणून. तुमच्यासारखा संशय लॅबमधी कुणालाच येत न्हाई मॅडम. तेवढा तरी शिकवा त्यान्ला.”

जूनमध्ये मी पहिला तास तसाच घेतला. मुलं चकित झाली. तो तास गाजला म्हणतात तसा गाजला. वर्षाअखेरीस नांदेडहून बहिस्थ परीक्षक आले. मुलं यंत्रावर विश्वास न ठेवता त्याचं उत्तर हातानं पडताळून बघतात हे पाहून खूश झाले आणि सगळ्यांसमोर विचारलं, “मॅडम, ही कल्पना कुणाची?” हणमंत माझ्यापासून चार पावलांवर हजेरीपत्रक घेऊन उभा होता. कडक साडीतल्या बाईनं मान किंचित तिरकी केली आणि म्हणाली, “अनुभवानं सुचत जातं.” हणमंतनं पुढं येऊन परीक्षकांची सही घेतली आणि कागद फाइलला लावला.

त्यानंतर मला एकच धास्ती. हा सांगणार. मी स्टाफरूममध्ये शिरले आणि कुणाचं हसणं थांबलं, की सांगितलं यानं. कुणी चहा पिताना माझ्याकडं पाहिलं, की सांगितलं. एकदा न राहवून मी त्याला लॅबमध्ये गाठलं, “कुणाकुणाला बोललास?” तो म्हणाला, “कशाबद्दल मॅडम?” मी म्हणाले, “फार भोळा बनू नकोस.” त्याचा चेहरा उतरला. मला वाटलं, चोरी पकडली म्हणून उतरला. पुढल्या वर्षी त्यानं संस्थेच्याच मुखेडकडच्या शाळेत बदली मागून घेतली. आई आजारी आहे, असं अर्जात लिहिलं होतं. खरंच आई की मी, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही. निरोप समारंभात त्याच्या हातात नारळ मीच दिला.

तेरावं झाल्यावर मी एसटीनं मुखेडला गेले. नात म्हणाली, “आजी, या वयात?” मी म्हणाले, “डेडस्टॉक तपासायचाय.” तिला कळलं नाही, बरं झालं. हणमंतची बायको अनुसया, फोनवरचा तो आवाज तिचाच. मी नाव सांगताच म्हणाली, “तुमी त्या मॅडम!” इतकी वर्षं जपलेला संशय अखेर खरा ठरला, असं वाटलं. मी सावधपणे विचारलं, “काय म्हणायचे ते माझ्याबद्दल?”

ती म्हणाली, “त्या उन्हाळ्यात धाकट्या नणंदंचं लगीन. समदे आले, हेच न्हाईत. लगनाच्या आदल्या राती पोचले, दुसऱ्या दिशी माघारी. मी लई भांडले. तर म्हणाले, मॅडमकडं गणित शिकाय जातो. अशा मॅडम शिकवाय मिळत नसतेत, सुट्टी काय दरसाल येती.” मग पदर सावरून, जरा लाजत तिनं विचारलं, “मॅडम, खरं सांगा. हुशार होते का ओ ते शिकण्यात?”

त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. सख्ख्या बहिणीच्या लग्नाचं बोलणं खाल्लं, पण माझी लाज झाकली... ‘हो, फार हुशार होते’ एवढं म्हणून मला सुटता आलं असतं. बाई खूश झाली असती आणि मीही चार वाजताची गाडी पकडली असती. जीभ तिकडं वळतही होती. मी ती आवरली आणि म्हणाले, “अनुसयाबाई, ते माझ्याकडं शिकायला येत नव्हते. मी त्यांच्याकडं शिकत होते. ते माझे सर होते.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. ते बघणं मी ओळखलं, आयुष्यभर माझंच होतं ते. जराही विश्वास नव्हता त्यात. “मेलेल्या माणसाचं समदेच गोड बोलतेत मॅडम,” ती म्हणाली, “तुमी एवढ्या मोठ्या. त्यांच्याकडं कशाला शिकसाल?” मी शपथ घेतली, तिनं मान हलवली. मी म्हणाले, पेपरात लिहिते. ती म्हणाली, “लिवा. पेपरात लिवल्यावर खरं समजते.” पेपरबद्दलचं माझं मत मी तिला सांगितलं नाही.

निघताना तिनं मला आतली खोली दाखवली. इथं तो गावातल्या पोरांना फुकट शिकवायचा. टेबलावर जुना कम्प्युटर, वर स्वच्छ टॉवेल. त्याच्यासमोर एक लाकडी खुर्ची, आणि बाजूला, हातभर मागं, एक प्लास्टिकची. मागच्या खुर्चीचा एक हात घासून पांढरा पडला होता. ती म्हणाली, “ह्या बाजूच्या खुर्चीवर बसायचे. पुढं कधीच बसले न्हाईत.” टॉवेल काढला, घडी करून ठेवला आणि समोरची खुर्ची ओढली.

“मॅडम,” ती घाईनं म्हणाली, “ती शिकणाऱ्याची खुर्ची हाय.”

“माहीत आहे मला,” मी म्हणाले, आणि बसले.