पाटकरीमामांची कावीळ

कालव्यातनं शेतात पाणी नेणाऱ्या चारीचं दार उघडण्याआधी पाटकरीमामा उकिडवे बसत, पाण्यात हात घालत आणि वर न बघता म्हणत, "आदी कुनाच्या वावरात जातंय ते बगा, मंग भांडा." पाण्याच्या पाळीवरनं भांडायला आलेली माणसं गप्प होत. तुम्हीही झाला असता. सोनईकडच्या त्या पाटबंधारे कचेरीत मी कारकून होतो. घराण्यातला पहिला बी.एस्सी., आणि ते सांगायची मला हौस. मामा मला हाकच 'बीएस्सी' अशी मारत.

शौचाला रक्त पडतं, हे त्यांनी मला दोन वर्षं आधीच सांगितलं होतं. वर म्हणाले, मूळव्याध हाय, भिंगारच्या वैदूची पुडी चालू हाय. मी कॉलेजात बेडूक फाडले होते, आतडी चिमट्यात धरली होती. तरी दवाखान्यात चला म्हणालो नाही. असल्या जागेबद्दल बोलायची मला, पदवीधराला, लाज वाटली. मला अजून संताप येतो. वैदूचा कमी, माझा जास्त.

अंग झडलं, डोळे पिवळे झाले, तेव्हा त्यांना एसटीत घालून नगरला नेलं. डॉक्टरांनी बरगडीखाली दाबून पाहिलं, तपासण्या केल्या. रोग मोठ्या आतड्यातला, कॅन्सर, आणि तो यकृतात गेलाय, म्हणाले. मी हुज्जत घातली. दुखणं खालचं, यकृताचा काय संबंध? डॉक्टर म्हणाले, आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं. गाठीचे कण त्याबरोबर वाहत जाऊन तिथं रुजतात. तिथून पुढं फुफ्फुसात.

मामांना माझ्याआधी कळलं. "मंजी यकृत पैलं वावर, अन् फुप्पुस टेलला, पार शेवटाला. मंग दार कुठं लावायचं, डाक्टर?"

"आतड्यापाशीच. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर तेवढा तुकडा कापून काढला असता."

घरी आलो तर मामींनी कावीळ उतरवणारा आणून बसवलेला. त्यानं मामांच्या हातांना कसलासा रस चोळला आणि परातीतल्या चुन्याच्या पाण्यात ते धुतले. पाणी पिवळंजर्द झालं. मामींचा चेहरा उजळला. म्हणाल्या, बगा, उतराया लागली. झाडाच्या सालीचा रस तो, चुन्यात पिवळा होणारच. माझे हात धुतले असते तरी झाला असता. मी तोंड उघडलं.

"बीएस्सी," मामा हळूच म्हणाले, "दोन वर्सं गप ऱ्हायलात न्हवं? आजबी ऱ्हावा."

मग मामींकडे वळून म्हणाले, अजून एक परात आन. मामी लगबगीनं चुना कालवायला आत गेल्या.