आधी सूचना वाचा

विद्यापीठाच्या संगणक केंद्रात मी तेवीस वर्षं काढली, आणि तिथे माझं नाव झालं ते कामापेक्षा सूचनांमुळे. संशोधकांना दर महिन्याला केंद्राची एक मेल जायची. सर्व्हर कधी बंद राहणार, नवं सॉफ्टवेअर कुठलं आलं, मदत हवी असेल तर अर्ज कुठे भरायचा, असा सगळा मामला. माझ्याआधीचे साहेब 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' अशी सुरुवात करायचे आणि सर्व संबंधित ती मेल न उघडता पुढे सरकायचे. मी पहिल्याच महिन्यात लिहिलं, 'शनिवारी सर्व्हर बंद राहील. फोन केल्याने तो लवकर सुरू होत नाही.' सोमवारी कँटीनमध्ये लोक ते एकमेकांना वाचून दाखवत होते.

मग मला चटकच लागली. 'पासवर्ड विसरणे हा आजार नाही, त्यामुळे आमच्याकडे औषध नाही.' 'अर्जंट असे लिहिलेले अर्ज आम्ही इतर अर्जंट अर्जांच्या मागे ठेवतो.' पुण्यात जन्म गेला, पाटी लिहायची संधी कोण सोडेल? खिडकीच्या काचेवरही मी एक चिकटवली होती: 'आधी सूचना वाचा. मग विचारा. विचारण्यासारखे उरले असेल तर.' लोक तिचे फोटो काढायचे. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

त्या बाई माझ्या खिडकीशी आल्या तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या होत्या. मूळच्या अमरावतीकडच्या, इथे एका कॉलेजात मराठी शिकवायच्या आणि पीएचडी करत होत्या. विषय होता मार्केट यार्डातल्या हमालांची बोली. पोतं पाठीवर कसं घ्यायचं, थप्पी कशी लावायची, आडत्याच्या माघारी त्याला काय म्हणायचं, हे त्या दोन वर्षं पहाटे गुलटेकडीला जाऊन रेकॉर्ड करत होत्या. रेकॉर्डर कॉलेजचा, त्याचं कार्ड इवलंसं. ते भरलं की आमच्या सर्व्हरवर रिकामं करायचं आणि पुन्हा यार्ड गाठायचं. बोलणं ऐकून लिहून काढणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं, म्हणून फायली सर्व्हरवरच्या तात्पुरत्या जागेत ठेवा, असं मीच त्यांना सांगितलं होतं.

ही तात्पुरती जागा म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा. काम चालू आहे तोवर पसारा मांडा, झालं की उचलून फडताळात ठेवा. फडताळ म्हणजे प्रत्येकाची कायमची जागा. ती सुरक्षित, तिची रोज प्रत निघायची, पण ती मोजकी. ओट्यावरच्या पसाऱ्याची प्रत कुणीच काढत नसे.

पुढे नवीन डिस्क आल्या आणि जुन्या रिकाम्या करून दुसऱ्या कामाला लावायचं ठरलं. मी झकास मेल लिहिली: 'येत्या सोमवारी सकाळी दहा वाजता तात्पुरती जागा पुसली जाईल. नंतर येणाऱ्या अश्रूंसाठी केंद्रात रुमालाची सोय नाही.' तीन वेळा पाठवली.

गुरुवारी बाई आल्या. जेवणाच्या सुट्टीआधीची वेळ, खिडकीशी पाच-सहा जण रांगेत. त्या म्हणाल्या, "मॅडम, मी विचारून राहिली होती का, त्या सोमवारच्या..."

"सूचना वाचलीत?"

"हो, वाचली ना. पण माझं..."

"मग पुन्हा वाचा," मी म्हटलं आणि काचेवरच्या पाटीवर पेनाने टकटक केली. मागचे हसले. त्याही हसल्या, "बरं मॅडम," म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. मी पुढच्याला हाक मारली.

सोमवारी दहाला डिस्क पुसली. साडेदहाला चहा प्यायले.

बुधवारी त्या परत आल्या. रांग नव्हती. फायली दिसत नाहीत म्हणाल्या. मी म्हटलं, दिसणार नाहीत, सोमवारी गेल्या. त्यांना पटकन कळलंच नाही. "गेल्या म्हणजे कुठं?" त्यांनी विचारलं. मला तेव्हासुद्धा रागच आला. तीन-तीन मेल पाठवायच्या आणि वर हे ऐकायचं!

"अहो, स्वतःकडे एक प्रत ठेवायची नाही का?"

"ठेवली होती ना मॅडम. तुमच्यापाशी."

हे त्या भांडायला म्हणून बोलल्या नव्हत्या. खरंच तसं होतं म्हणून बोलल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "मी अर्ज पण भरला होता."

त्या गेल्यावर मी अर्जांची यादी उघडली. अर्ज होता, त्याच गुरुवारी दुपारचा. 'आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. आपल्या केंद्राचे सहकार्य मला नेहमीच लाभले आहे. आपला बहुमोल वेळ घेत आहे, क्षमस्व.' त्याखाली खरी गोष्ट. फायली उचलायला त्या तयार होत्या, पण त्यांची कायमची जागा भरली होती आणि ती वाढवून हवी होती. शेवटी लिहिलं होतं की रेकॉर्डिंगमधले एक म्हातारे हमाल दिवाळीत वारले. घरात त्यांचा आवाज कुठेच नाही, म्हणून त्यांच्या मुलीने तो वर्षश्राद्धाच्या आत मागितला आहे.

जागा वाढवणं माझ्या हातात होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. आणि त्या अर्जाखाली माझा तयार शेरा होता, एका बटणासरशी उमटणारा, अर्जदाराला न दिसणारा: 'सूचना वाचलेली नाही. अर्ज बंद.' मी पहिली ओळ वाचून तो बंद केला होता. लोक वाचत नाहीत म्हणून आयुष्यभर लोकांची टर उडवली, आणि वाचायची वेळ आली तेव्हा मी चार ओळीसुद्धा वाचल्या नाहीत.

डिस्कवरच्या फायली परत मिळवायची खटपट केली, पण तिच्यावर नवा डेटा चढून गेला होता. शुक्रवारी बाई पुन्हा आल्या आणि त्यांनी विचारलं, "मॅडम, माझ्या अर्जाचं काय झालं होतं हो?"

मी म्हटलं, "उशिरा पोचला तो. तोवर वेळ गेली होती."

का म्हटलं? नोकरीची भीती नव्हती, निवृत्तीला थोडेच महिने उरले होते. खिडकीच्या आत बसून चूक कबूल करायची सवयच नव्हती, एवढंच कारण मला सापडतं, आणि ते पुरेसं नाही. त्या म्हणाल्या, "माझंच चुकलं. पहिल्याच मेलला उठायला पाहिजे होतं." मी मान डोलावली. ते मान डोलावणं आजही आठवलं की मला माझीच किळस येते.

लिहून काढलेला भाग कायमच्या जागेत असल्याने वाचला होता, त्यावर त्यांनी प्रबंध पुरा केला. त्या वारलेल्या म्हाताऱ्या हमालांचं बोलणं कागदावर राहिलं, आवाज गेला. त्यांच्या मुलीला बाईंनीच यार्डात जाऊन सांगितलं. मी बरोबर गेले नाही. जायला हवं होतं. घरी कर्वेनगरला बसून त्या दिवशी मी काय केलं ते आता आठवतही नाही.

गेल्या महिन्यात त्या पत्ता शोधत घरी आल्या. हातात पेढे आणि प्रबंधाची बांधलेली प्रत. चहा झाला, गप्पा झाल्या. दोनदा माझ्या ओठांवर आलं आणि दोन्ही वेळा मी पेढ्यांची तारीफ केली. त्या गेल्यावर प्रत उघडली. सुरुवातीच्या ऋणनिर्देशात एक ओळ माझ्यासाठी होती: 'संगणक केंद्रातील मॅडमनी वेळोवेळी सूचना दिल्या. त्या मी वेळेवर पाळल्या नाहीत, हा दोष सर्वस्वी माझा.'

इथल्या, पुण्याच्या कुणी लिहिलं असतं तर टोमणा म्हणून सुखाने सोसलं असतं, उलट दादच दिली असती. पण त्यांनी ते मनापासून लिहिलंय. आणि आता ते छापून, बांधून ग्रंथालयात ठेवलंय.