गॅस नसलेल्या घरातला वास

राही, चिन्मय,

आधी एक स्पष्ट करते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्या वयाकडे बोट दाखवणार नाही. घरात कुणी दृष्ट लागली म्हटलं की मी अजूनही आधी थर्मामीटर शोधते. बी.ए.ला मी लॉजिक घेतलं होतं, नंतर पस्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. अंगात येणाऱ्या बायका, पिंपळावरचा मुंजा, अमावास्येचं भय... यातलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. तरी हे लिहिते आहे, कारण परवा राही फोनवर चिडली. "आजी, मी एक्स्चेंजला आल्यापासून तू दर वेळी हीटरचंच विचारतेस. इथं सगळं सेफ असतं गं." असेल. पण माझं विचारणं का थांबत नाही, ते एकदा लिहून टाकते. तुमच्या आईलाही हे मी सांगितलेलं नाही.

साल एकोणीसशे छप्पन, जानेवारी, संक्रांतीनंतरचा आठवडा. आम्ही बोरीवलीला बाभईत राहत होतो. तीन खोल्यांचं बैठं कौलारू घर, मागे विहीर, पुढे कापणी झालेली भातशेतं. माझे वडील, अण्णा, फोर्टात विमा कंपनीत हेडक्लार्क होते. मी बावीस वर्षांची, दुपारच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे सकाळी घरीच असायची. स्वयंपाक कोळशाच्या शेगडीवर, घाईच्या वेळी स्टोव्हवर. हे मुद्दाम सांगते आहे.

माझ्या पाठचा भाऊ मधू तेव्हा इंग्लंडला होता. एका संस्थेतर्फे वर्षभरासाठी इथला एक विद्यार्थी तिकडे आणि तिकडचा एक इथे, अशी अदलाबदल होती. मधू इतिहास शिकायला उत्तरेकडच्या एका गावी गेला आणि तिथली जोन वनस्पतिशास्त्र शिकायला आमच्याकडे आली. जंगल जवळ म्हणून तिला बोरीवली पसंत पडली होती. जोनच्या आईवडिलांचं घर युनिव्हर्सिटीपासून तासाभरावर, म्हणून मधूने गावात एका बाईकडे खोली घेतली होती. रविवारी मात्र तो जोनच्या घरी जेवायला जाई. आई जोनला जनी म्हणायची. "माझं पोर त्यांच्या पानावर, त्यांचं माझ्या," असं म्हणून तिला आग्रह करकरून वाढायची. जोनही मराठी शिकली होती, पण आईकडून शिकल्यामुळे ती सगळ्यांशी आईसारखी बोलायची. अण्णांना एकदा म्हणाली, "अहो, किती वेळ वर्तमानपत्र? आंघोळ कधी?" अण्णा मुकाट्याने उठले होते.

त्या सोमवारी सकाळी मला मधल्या खोलीत वास आला. जोन तेव्हा कॉलेजबरोबर झाडपाला गोळा करायला घाटावर गेली होती. वास कसला, सांगता येईना. कुजलेल्या लसणासारखा, पण लसूण नाही. थोडा डांबरासारखा, थोडा नासक्या अंड्यासारखा. खोलीभर नव्हता. मधूचं अभ्यासाचं टेबल होतं, त्याच्या आजूबाजूला दोन हातांवर. त्यापलीकडे गेलं की काही नाही.

उंदीर मेला असेल, असं सगळ्यांनी ठरवलं. टेबल हलवलं, कपाट हलवलं, मधूची पुस्तकं एकेक करून झटकली. उंदीर नाही. अण्णांनी माणूस बोलावून मोरीचं गटार उपसून घेतलं. तो माणूस आत येऊन नाक फेंदारून म्हणाला, "साहेब, घाणीत जन्म गेला माझा. हा वास आपल्या धंद्यातला नाही." दुपारी बाराच्या सुमाराला वास आपोआप गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला परत आला.

माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. मी वहीत वेळा लिहायला लागले. मंगळवार, साडेसहा ते बारा. बुधवार, सहा ते बारा वीस. बुधवारी आई विळीवर बसल्या बसल्या म्हणाली, "मधूच्या टेबलापाशीच का गं?"

"कारण टेबल तिथं आहे," अण्णा म्हणाले. आम्ही हसलो. आई हसली नाही.

गुरुवारी सकाळी आठला जोन परत आली. खांद्यावर पिशवी, हातात झाडपाला दाबायच्या फळ्या. आई नुकतीच पूजा आटोपून उठत होती. देव त्याच खोलीत कोपऱ्यात, समईच्या पाचही वाती लावलेल्या. जोन उंबऱ्याच्या आत आली, दोन पावलं चालली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. हातातल्या फळ्या तिने टाकून दिल्या, धावत जाऊन देवापुढे वाकली आणि फुंकर मारून समई विझवली. पाचही वाती. मग स्वयंपाकघरात जाऊन शेगडीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि सगळ्या खिडक्या उघडत सुटली.

फुंकरीने दिवा विझवणं म्हणजे काय, हे तुम्हाला कदाचित कळणार नाही. आमच्या घरात दिवा 'विझला' असं म्हणतसुद्धा नसत. ज्याचा मुलगा परदेशी आहे त्या घरात, देवापुढचा, सकाळचा दिवा. आई जागच्या जागी बसली.

"गॅस," जोन मला इंग्रजीत म्हणाली. "तुमचा गॅस कुठून येतो? नळी कुठे आहे?"

मी म्हटलं, आमच्याकडे गॅस नाही. अख्ख्या बाभईत कुणाकडे नाही. तिचा विश्वास बसेना. गुडघ्यांवर बसून तिने भिंतीच्या कडेने हात फिरवला, फरशीला नाक लावलं. मग टेबलाला टेकून बसली आणि म्हणाली, हा वास मी लहानपणापासून ओळखते. आमच्याकडे प्रत्येक खोलीत उबेसाठी गॅसची शेगडी असते, हिवाळ्यात रात्रभर चालते. टेबल कुणाचं, हे तिला माहीत होतं. वास कधी येतो, एवढंच तिने विचारलं. मी वही दाखवली. तिने बोटांवर तास मोजले, मागे मागे. आमची सकाळ म्हणजे त्यांची मध्यरात्र ते पहाट.

ती काय म्हणते ते मी अण्णांना सांगायला लागले तेवढ्यात आई कडाडली. "तिला म्हणावं, ते माझ्या घरात उच्चारायचं नाही. वास्तू तथास्तु म्हणते."

वाईट बोलू नये, घर ते ऐकतं आणि तसंच होवो म्हणतं, हा तिचा ठाम समज. त्या दिवसभरात ती जोनशी एक शब्द बोलली नाही. पण अण्णा ऑफिसला निघाले तेव्हा दारात त्यांची वाट अडवून उभी राहिली. "तार करा. पण त्यात अभद्र काही नको." अण्णांनी जाताना स्टेशनजवळच्या पोस्टातून तार केली. आई काळजीत आहे, खुशाली कळव. बस. गॅसचं नाव नाही, खोलीचं नाव नाही. लॉजिक शिकलेल्या मुलीने तरी अडवायला हवं होतं. मला वाटलं, एका वासावरून बापाने इंग्लंडला गॅसची तार केली तर लोक काय म्हणतील? मधूची जागा काढून घेतली तर?

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. सर्व ठीक, परीक्षा जवळ, चिंता नको. अण्णांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं आणि "झालं समाधान?" म्हणून डबा घेऊन गेले.

तार टेबलावर होती आणि तिच्याभोवती वास इतका दाट होता की माझ्या डोळ्यांना पाणी आलं. आई भिंतीला टेकून बसली होती. तिचे ओठ हलत होते पण आवाज नव्हता. एकाएकी ती म्हणाली, "सुधे, त्याला सांग गं कुणीतरी. मला नाही म्हणवत. तू सांग." आईला मी कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. ती माझ्यापुढे हात जोडत होती.

मी आणि जोन पोस्टापर्यंत जवळजवळ पळतच गेलो. मधूला सांगून तो ऐकणार नाही, हसेल, म्हणून जोनने स्वतःच्या वडिलांना तार केली, आणि शब्द गाळले नाहीत. मधूच्या खोलीत गॅस आहे, आज रात्रीच्या आत त्याला आपल्या घरी आणा. फॉर्म घेणाऱ्या बाबूने आमच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता शिक्का मारला.

शनिवारचा तो दिवस... मी वहीत काही लिहिलेलं नाही. आई पाणीसुद्धा प्यायली नाही. जोन पायरीवर बसून होती. अण्णा अर्ध्या दिवसाने घरी आले, त्यांनी कोट काढला नाही. चार वाजता तारवाला आला. फाडायची हिंमत कुणात नव्हती. जोननेच फाडली. मधू आमच्याकडे सुखरूप आहे, खोलीत गॅस आढळला नाही, आठवडाभर ठेवून घेतो.

आईने जोनला पोटाशी धरलं. साखर वाटली, समई लावली आणि तिच्या हातानेच वात सारखी करून घेतली. घरात तीन दिवसांनी धड स्वयंपाक झाला.

आता जे सांगायचं आहे ते इथून पुढे आहे.

रविवारी सकाळी सहाला मी उठले, तर वास होता. कमी नाही, जास्त. आई देवापाशी गुणगुणत होती. तिला तो येतच नव्हता, किंवा आता येऊ द्यायचा नव्हता. अण्णांनी खिडकी उघडली आणि वर्तमानपत्र घेऊन पायरीवर गेले. जोन माझ्याजवळ आली.

"अजून आहे, सुधा."

"मधू तुझ्या घरी आहे," मी म्हटलं. "तुझ्या वडिलांनी स्वतः कळवलंय."

"हो. मग हे कुणासाठी?"

मी तिला दिलेलं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हटलं, "आपला मधू सुखरूप आहे ना? मग पुरे."

परक्या घरात ती पाहुणी होती, एकदा दिवा विझवून तिने बोलणी खाल्ली होती. ती पुन्हा बोलली नाही. पोस्ट रविवारी बंद असे, पण मोठ्या तारऑफिसात तार घेत. ते मला ठाऊक होतं. मी त्या दिवशी पेपर तपासले.

सोमवारी सकाळी वास इतका होता की जोन अंगणात जाऊन ओकली. आणि सात वाजून दहा मिनिटांनी तो गेला. विरत विरत नाही, दार लावल्यासारखा. परत कधीच आला नाही. मी वहीत वेळ लिहिली, खाली रेघ मारली. मला बरं वाटलं होतं, हेही लिहिते.

मधू ऑगस्टमध्ये परत आला. जोन जूनमध्येच गेली होती. आल्यावर पंधरा दिवस तो नीट जेवला नाही. मग एकदा विहिरीवर मी कपडे पिळत असताना येऊन बसला आणि सांगितलं. जोनचे वडील दिवसा आले होते, शेगडी बंद होती. त्यांनी वास घेतला, घरमालकीण भडकली, काही सापडलं नाही. मधूला तो आठवडा सकाळी डोकं जड व्हायचं, त्याला ते जागरणाचं वाटलं होतं. वरच्या मजल्यावर सिलोनचा एक मुलगा राहायचा. त्याच्या खोलीत शेगडी नव्हती आणि त्याला खोकला झाला होता. निघताना मधूने आपली किल्ली त्याला दिली. "मी आठवडाभर नाही. माझ्या खोलीत ऊब आहे, तिथं झोप."

तो तीन रात्री तिथं झोपला. शेगडीची रबरी नळी मागच्या बाजूने चिरलेली होती. सोमवारी सकाळी तो दार उघडेना, तेव्हा घरमालकिणीने पोलिसांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, रविवारची मध्यरात्र उलटून गेल्यावर केव्हातरी.

"ताई, मी किल्ली दिली," मधू म्हणत होता. पुन्हा पुन्हा तेच. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. रविवारी आणि सोमवारी आमच्याकडे वास होता, हे मी त्याला सांगितलं नाही. मधू वारला तोवर सांगितलं नाही. आयुष्यभर त्या किल्लीचं ओझं त्याने एकट्यानेच वाहिलं.

त्या मुलाचं नाव मला माहीत आहे. त्याच्या आईचा पत्ताही मधूने आणला होता. मी तिला कितीदा पत्र लिहायला बसले. दोन ओळींच्या पुढे गेले नाही. काय लिहिणार? आम्हाला कळत होतं, पण आमचा मुलगा सुटला होता?

वर्षानुवर्षं मी समजत होते की तो वास मधूसाठी आला, आणि मधू निघाल्यावरही चुकून राहिला. आता तसं वाटत नाही. त्या मुलाच्या आईच्या घरी तो वास आला असेल का, हा विचार मी पुष्कळ केला. समुद्राकाठचं घर, नारळाची झाडं, बाई सकाळी उठून उंदीर शोधते आहे... आला असेल तर तिथं त्या वासाचं नाव सांगणारं कुणी नव्हतं. ते माणूस आमच्या घरात होतं. इंग्लंडहून येऊन आमच्या पानावर जेवत होतं. कदाचित म्हणूनच तो आमच्याकडे आला, आणि आमचा मुलगा सुटल्याचं कळल्यावरही आणखी दोन सकाळी थांबून राहिला.

हे मी कुठल्याही लॉजिकने सिद्ध करू शकत नाही. गॅस नसलेल्या घरात गॅसचा वास कसा आला, याचं स्पष्टीकरण तेव्हा नव्हतं, आज नाही, आणि मी ते शोधणं सोडलं आहे. रविवारी सकाळी मी पेपर तपासत का बसले, याचं स्पष्टीकरण मात्र मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ते कुणी विचारलं नाही, म्हणून इतकी वर्षं मी सांगितलं नाही.