आईचं लांबलेलं कन्फेशन

ईस्टरच्या आधी लातूरच्या चर्चमध्ये कन्फेशनच्या रांगेत उभी होते. दवाखान्यातली रात्रपाळी संपवून तशीच आलेली. पुढच्या बाईनं कपाळाला लावलेल्या बामचा वास आला आणि देगलूरचे आमचे म्हातारे फादर आठवले.

त्यांच्या अंगालाही कायम बामचा वास यायचा. गावोगाव एसटीनं फिरून ते भर उन्हात आमच्याकडे पोचायचे. फार पूर्वी लोक सगळ्या मंडळीपुढं पापं कबूल करायचे, असं तेच सांगायचे. आमच्या चर्चमध्ये मात्र आईच्या जुन्या लुगड्याचा पडदा होता. अलीकडं आपण गुडघे टेकायचे, पलीकडं बसून फादर ऐकायचे.

त्या दुपारी आई पडद्यापुढं गुडघ्यांवर बसली ती उठेचना. रांगेतल्या बाया मला म्हणाल्या, "एवढं काय सांगायली गं तुझी आई?" लाजून मी गेले आणि पडद्याची कड उचलली. फादर भिंतीला डोकं टेकून गाढ झोपले होते. आई तशीच गुडघ्यांवर होती. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं.

घरी जाताना मी चिडून विचारलं, "उठवलं का न्हाईस?"

"लोकांचं ऐकून ऐकून लई दमलाय त्यो जीव. माझी पापं कुठं पळून चाललीत?"

एवढा वेळ लागला म्हणजे पाप मोठंच असणार, अशी आईबद्दलची कुजबुज पुढं कित्येक वर्षं चालली. तिनं कधी खुलासा केला नाही.

रांग पुढं सरकली. माझे पाय भरून आले होते, डोळे मिटत होते. माझ्या डुलकीसाठी असं बदनाम होणारं आता कुणी उरलं नाही.