तिसऱ्या कोरने उचललेली चिठ्ठी

भूतखेत मी मानत नाही. वीर स्टेशन ते महाड रिक्षा चालवून, घासाघीस करूनच मोठा झालेला माणूस आहे मी. आज महाडला नेटवर्कची मशीनं बनवतो. तरीही हे लिहितोय...

पोलादपूरच्या डोंगरवाड्यांवर दरडीचे सेन्सर बसवायचं काम मिळालं होतं. सेन्सरचा निरोप आमच्या मशीनला येणार, मग वाडीत भोंगा वाजणार. मशीन चालवणारा प्रोग्राम, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तो आमच्याकडच्या नितीनने लिहिला. आंबेनळी घाटाखालच्या वाडीतला, मुंबईहून परतलेला. निरोप आला की नेटवर्क कार्ड रांगेत एक चिठ्ठी टाकतं. मशीनचे दोन कोर, म्हणजे काम करणारे दोन मेंदू, नंबर शून्य आणि एक, ती रांग सतत बघतात आणि चिठ्ठी उचलतात. दोघांचा हात एकाच चिठ्ठीवर पडू नये म्हणून नितीनने लॉक ठेवलं होतं — एक उचलेल, दुसरा थांबेल.

"दोन गडी लावलेत आणि एक दारात उभा? काढ ते लॉक!" मी म्हणालो.

"दादा, निरोप हरवंल."

"तुझ्या आयशीला भोंग्याची घाई नाय काय रे?"

ऑफिसातले सगळे हसले. त्याने लॉक काढलं.

जुलैत, दुपारी अडीचला, त्याच्याच वाडीवर दरड आली. भोंगा वाजला नाही. माणसं शेतावर होती. घरात फक्त नितीनची आई.

मी मशीनची नोंदवही, लॉग, उघडला. निरोप आला होता, चिठ्ठीही उचलली होती. कोर शून्यने नाही, एकनेही नाही. कोर दोनने. शून्यापासून मोजलं तर तो तिसरा, आणि त्या मशीनला तिसरा कोरच नाही!

जाणकार म्हणाले, लॉक नव्हतं, मेमरीत कचरा झाला असेल. मानलं. लिहिलं नितीनने, बदनाम झालो मी — हा राग अजून आहे, खोटं कशाला बोलू?

आईच्या बाराव्यानंतर नितीन आपणहून कामावर आला. लॉक परत लावलं, मशीनही नवं बसवलं, तेही दोनच कोरचं. तरी पावसाळ्यात कधीकधी अडीचला सगळं थांबतं. लॉक कुणी धरलंय पाहिलं, तर... कोर दोन.

पहिल्यांदा झालं तेव्हा मी ओरडलो, "रीस्टार्ट कर!"

नितीनने कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

"सोडंल ती, दादा. कुणाचं अडवून ठेवायची सवय नव्हती तिला. आता तुम्ही उभे राहा दारात."

थोड्या वेळाने लॉक सुटलं. रांगेतली एकही चिठ्ठी गहाळ नव्हती.

कुणाकडे उत्तर असेल तर सांगा. नितीनला विचारायची हिंमत होत नाही. मशीन थांबलं की मी खुर्चीवरून उठतो आणि दारात जाऊन उभा राहतो.