जानरावभाऊंचा मोठा दरवाजा

जानरावभाऊ गेल्याचं कळलं, तेव्हा मी कलाकेंद्राच्या अंगणात सतरंज्या झटकून घेत होते. आमचे चौकीदार लतीफमियां बाहेरून आले. "ताई, बडनेऱ्याहून मानूस आला. जानरावभाऊ गेले म्हंते... झोपीतच." मी हातातल्या सतरंजीची घडी पूर्ण केली आणि मग तिच्यावरच बसले.

अमरावतीतला हा जुना तुरुंग बरीच वर्षं रिकामा पडला होता. बराकीत कबुतरं आणि कोणाचा तरी कडबा. तिथं गावासाठी कलाकेंद्र करायचं ठरलं, आणि यादी करून कामं उरकते म्हणून समितीचं चिटणीसपद माझ्याकडे आलं. जानरावभाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले, बडनेऱ्याहून सायकलीनं येत. बेचाळीसात ते आणि त्यांचा धाकटा भाऊ किसना याच तुरुंगात होते, एवढंच मला ठाऊक होतं. माणूस बुटका, पण कुठल्याही दारातून येताना मान खाली घालायचा. माझ्या घरी आले की मी म्हणायची, "भाऊ, चौकट तुमच्या डोक्याच्या हातभर वर आहे." ते म्हणत, "डोक्याले समजते ताई, मानेले नाही समजत."

समितीच्या पहिल्या बैठकीत मी कामं वाचून दाखवली. तालीमघर, चित्रांचा वर्ग, भजनी मंडळाची खोली. भाऊंनी विचारलं, "याच्यात मोठा दरवाजा कुठी हाये?" तुरुंगाचा तो लाकडी दरवाजा मातीत रुतून बसला होता. त्याच्या फळीत कापलेल्या छोट्या दारातून, दिंडीतून, आम्ही सगळे वाकून ये-जा करत होतो. अध्यक्ष म्हणाले, "दिंडीनं भागते ना जानराव! तुमाले काय हत्ती आनाचा हाये?" सगळे हसले. भाऊही हसले.

बैठक संपल्यावर ते माझ्याशी बोलले. जिवंत माणूस दिंडीतून, हा तिथला रिवाज होता. मोठा दरवाजा उघडायचा तो साहेबाच्या तपासणीला, नाहीतर मुडदा बाहेर काढायला. "बिजागऱ्या वाजल्या का बराक चूप. साहेबाचा दिवस ठाऊक राहे. दुसऱ्या कोन्या दिवशी वाजल्या, तर एक कमी... किसन्याले तापानं दवाखान्यात नेलं होतं. मी चक्कीवर जवारी दळून राहिलो होतो. आवाज आयकला. कोन गेला, ते सांजच्याले समजलं." मग म्हणाले, "ताई, एक डाव तो दरवाजा जित्त्या मानसायसाठी उघडला पाहिजे. ढोल वाजवत आत जाऊ. बस."

मी ते काम यादीत घातलं. प्रत्येक बैठकीत मांडलं, आणि प्रत्येक बैठकीत ते पुढच्या टप्प्यावर गेलं. आधी छप्पर, मग वीज, मग खुर्च्या. उद्घाटनाला पाहुणे दिंडीतूनच वाकून आले, गळ्यातला हार सावरत. दंडार हे आमच्याकडचं लोकनाट्य करणाऱ्या पोरांनी ढोल तिरपा करून आत घेतला. भाऊ बाहेरच्या ओट्यावर बसून राहिले. मी बोलवायला गेले तर म्हणाले, "तुमी जा ना. मी आयकून राहिलो इथून."

त्यांना शेवटचं केंद्रात आणायचं ठरलं. ट्रक दाराशी लागला, आणि तिरडी दिंडीतून जाईना. कोणीतरी म्हणालं, "जराशी तिरपी करा." भाऊंची बायको, इंदूवहिनी, पुढे झाल्या. त्या म्हणाल्या, "तिरपं नाही कराचं. लय वाकले ते." मग लतीफमियांनी पहार आणली. दंडारवाल्या पोरांनी दाराखालची माती उकरली, बिजागऱ्यांत तेल ओतलं. चहा उकळायला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ गेला असेल... एवढंच काम होतं ते. बिजागऱ्या किंचाळल्या. गर्दीतले दोन म्हातारे, बेचाळीसात भाऊंबरोबर आत असलेले, टोपी काढून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जानरावभाऊ मोठ्या दरवाज्यातून आत आले आणि त्याच दरवाज्यातून, किसनासारखेच, बाहेर गेले.

तेराव्यानंतर समितीचा निरोप आला : ढोरं शिरतात, दरवाजा पूर्वीसारखा बंद करावा. मी लोहार बोलावला आणि दोन्ही फळ्या सताड उघड्या ठेवून लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला ठोकून घेतल्या. ठराव नंतर करा म्हटलं. आता शेळ्या येतात, लतीफमियां त्यांना शिव्या देत हाकलतात. दंडारीची पोरं ढोल सरळ धरून, वाजवतच आत येतात. त्यांनी दिंडी फारशी पाहिलेली नाही.

मी रोज संध्याकाळी जाते. वर कमान आहे, चांगली दोन पुरुष उंच. तरी उंबऱ्यापाशी आले की माझी मान खाली जाते.