सव्वाअकराची भरती

बाबा माझ्या बाळंतपणासाठी म्हणून टोकियोला आले आणि तिसऱ्याच आठवड्यात परत जायच्या गोष्टी करू लागले. सकाळी पोहे खाता खाता त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, "जावईबापू, माझं तिकीट तेवढं अलीकडचं करून द्या. हिची आई राहील. माझं इथे काय काम आहे?" नवरा माझ्याकडे बघू लागला. मी उठून भांडी आवरायला लागले, कारण बसून राहिले असते तर रडले असते. नववा महिना लागल्यापासून मला रडायला कारण लागत नव्हतंच, पण या वेळी कारण होतं. मूल होईल त्या दिवशी मला बाबा तिथे हवे होते.

आईचं अगदी उलट झालं होतं. हिगाशी-कसाईतल्या आमच्या इमारतीत खाली उतरलं की दोन तरी मराठी बायका भेटतात, आणि आईला तेवढं पुरतं. आठवड्याभरात ती पुण्याच्या एका काकूंबरोबर बागेत फेऱ्या मारू लागली. प्लास्टिकचा कचरा कुठल्या वारी ठेवायचा हे ती आता मलाच सांगायची. स्वयंपाकघर तर तिने पहिल्याच दिवशी ताब्यात घेतलं होतं. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, बाळंतविड्याचं सामान, फ्रीजमध्ये बोट घालायला जागा नव्हती.

बाबा मात्र गॅलरीत बसून होते. आम्ही रेवदंड्याचे. बाबा एसटीच्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते. आयुष्यभर त्यांनी उशिरा आलेल्या गाड्या, रुसलेले ड्रायव्हर आणि चिडलेले प्रवासी सांभाळले. इथे आल्यावर पहिल्या दिवशी स्टेशनात उभे राहून त्यांनी लागोपाठ पाच-सहा गाड्या ठरल्या मिनिटाला येताना पाहिल्या आणि म्हणाले, "मग इथला नियंत्रक करतो काय दिवसभर?" तेव्हा आम्ही हसलो. नंतर माझ्या लक्षात आलं की ते स्वतःबद्दलच बोलत होते.

रेवदंड्याला ते रविवारी खाडीवर गरवायला जात. हातात दोरी, टोकाला गरी, गरीला जिवंत कोळंबी आणि मनात जिताडा. जिताडा वर्षातून एखाददुसराच लागायचा, पण लागला की आमच्या आळीत चार घरी वाटे जायचे. मला वाटलं, हेच करू या. मला मासेमारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, मी फक्त खाण्यातली. पण मी त्यांना म्हटलं, "बाबा, आपल्याकडे चालत जाण्याएवढ्या अंतरावर खाडीसारखी नदी आहे. लोक गळ टाकून बसतात. जायचं?"

"इथे धरू देतात?" एवढंच त्यांनी विचारलं, पण खुर्चीतून उठले.

मासेमारीच्या सामानाच्या दुकानातल्या मुलीला मी सांगितलं की आम्ही नवखे आहोत, आणि विचारलं, कुठे जावं आणि काय धरावं. तिने लगेच एका बोटभर माशाचं चित्र दाखवलं. हा हाझे, म्हणाली, लहान मुलांनाही लागतो, नव्या माणसाने यापासूनच सुरुवात करावी. मी बाबांना भाषांतर करून सांगायच्या आधीच त्यांनी चित्र ओळखलं होतं. "अगं, ही आपली निवटी! निवट्या धरायला मी जपानला आलो काय?" मग त्यांची नजर भिंतीवरच्या एका फोटोवर गेली. लांबट, चंदेरी, रुंद जबड्याचा मासा, धरणाऱ्याच्या दोन्ही हातांत मावत नव्हता. "हा कोण? हा तर जिताड्याचा चुलत भाऊ दिसतो."

त्याला इथले लोक सीबास म्हणतात. मुलीने मान एका बाजूला कलती केली आणि हवा आत ओढली. इथे माणूस असं करतो तेव्हा उत्तर 'नाही' असं असतं. मग तिने सांगितलं की सीबास अवघड आहे, काही जण अख्खा हंगाम हात हलवत परत जातात. मी ते बाबांना जरा सौम्य करून सांगितलं. ते म्हणाले, "तिला सांग, मला सवय आहे."

आमिषाचे किडे मात्र घेता आले नाहीत. ते फ्रीजमध्ये ठेवावे लागतात हे कळल्यावर आईने फोनवरूनच निकाल दिला, "माझ्या लाडवांशेजारी किडे? खबरदार!" मग आम्ही प्लास्टिकचा मासा घेतला. पोटाला गळाचे दोन आकडे लावलेला तो खोटा मासा बाबा घरी येईपर्यंत खिशातून काढून बघत होते. गळाची काठी नवऱ्याने जुन्या सामानाच्या दुकानातून आणली.

जागा मी निवडली. नवरा व्हिडिओ बघून ग्योतोकुच्या बाजूची कुठली तरी जागा सुचवत होता, पण माझे निकष पक्के होते. जवळ स्वच्छतागृह, बसायला बाक, चढउतार नको आणि कोन्बिनी, म्हणजे इथलं चोवीस तास उघडं दुकान, हाकेच्या अंतरावर, कारण मला दर दोन तासांनी भूक लागायची. मासे कुठे असतील हा विचार मी केलाच नाही. जुन्या एदो नदीच्या काठावर रुंद पायऱ्यांची एक जागा या सगळ्यात बसली.

वेळ बाबांनी निवडली. आईने येताना भिंतीवर लावायचं मराठी कॅलेंडर आणलं होतं. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले. आमच्याकडे तिथीचा आकडा पाऊणपट केला की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरच्या कुणालाही ठाऊक असतं. पाऊणकीचा पाढा तर बाबांना तोंडपाठ. "रविवारी कोजागरी. पंधरा पाऊण सव्वाअकरा. सव्वाअकराला नदी काठोकाठ भरेल. अकराला तिथे पोचायचं." किती तरी दिवसांनी त्यांचा डेपोतला आवाज ऐकला. आई स्वयंपाकघरातून डोकावून हसली.

रविवारी आम्ही चौघं निघालो. आईने डब्यात थालीपीठ घेतलं होतं. बरोबर अकराला आम्ही पायऱ्यांवर पोचलो आणि समोर चिखल होता. पायऱ्यांच्या खालच्या टोकापासून पुढे करड्या चिखलाचा पट्टा, त्यात कालवांची कवचं, एक सायकलचं चाक आणि पलीकडे लांब कुठे तरी पाणी. बाबांनी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा होईपर्यंत ते तसेच उभे राहिले. पाणी जरासुद्धा चढलं नाही. एक बगळा चिखलातून चालत गेला, त्याचे पायही नीट भिजले नाहीत.

"काय हो, नदी सुट्टीवर गेली का?" आईने चेष्टा केली. एरवी बाबांनी तिला सवाई उत्तर दिलं असतं. आज त्यांनी काठी पिशवीत घातली आणि ते वळले. वाटेत नवऱ्याला म्हणाले, "इथे सगळंच वेगळं आहे. तिकिटाचं उद्या बघा."

मला राग आला. नदीचा आला, बाबांचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला, की बाकाच्या आणि स्वच्छतागृहाच्या नादात मी साधं एवढं आधी जाऊन पाहिलं नाही. त्यांना इथे एकच गोष्ट पक्की माहीत होती आणि मी त्यांना नेऊन तीच खोटी ठरवली होती.

संध्याकाळी इमारतीखाली मसाला दुधाचा कार्यक्रम होता. मी पाय सुजल्याचं निमित्त करून वरच बसले. कामाने मी सॉफ्टवेअर टेस्टर. उत्तर चुकलं की नुसतं चुकलं म्हणून सोडायचं नाही, किती चुकलं ते बघायचं, अशी सवय लागलेली. फोनवर इथल्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढलं. आजची पूर्ण ओहोटी साधारण सव्वाअकराला होती. भरती संध्याकाळी पाचच्या सुमारास. मी मागचे दिवस पाहिले, पुढचे पाहिले, आणि प्रत्येक तिथीचा आकडा पाऊणपट करत गेले. तास-अर्ध्या तासाच्या फरकाने सगळीकडे तेच. रेवदंड्याला जेव्हा पाणी भरतं, तेव्हा इथे ते पार उतरलेलं असतं.

बाबा वर आले तेव्हा मी त्यांना हाताला धरून कॅलेंडरसमोर नेलं. "बाबा, तुमची पाऊणकी चुकली नाहीये. फक्त तुम्ही जिथे भरती म्हणता, तिथे इथे ओहोटी म्हणायचं. त्यात सहा तास मिळवा, की भरती."

"मला गंडवू नकोस, बाय."

"मग तुम्हीच काढा."

ते चष्मा लावून बसले. मी फोनवरची एकेक वेळ झाकून ठेवायची, ते तोंडाने हिशेब करायचे, आणि मग मी हात काढायची. तिसऱ्या-चौथ्या तिथीनंतर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तास-अर्ध्या तासाचा फरक पडतोय. तेवढा आपल्याकडेपण पडायचा." कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "म्हणजे नदी वेळेवरच होती. आपलाच फलाट चुकला." आणि मग मला म्हणाले, "आणि ती जागाही चुकलीच होती. पायऱ्यांवर कधी जिताडा येतो काय? पण तू पोटुशी, म्हणून मी बोललो नाही."

मंगळवारी द्वितीया होती. सकाळी आम्ही दोघंच गेलो. या वेळी मी जागेबद्दल एक शब्द बोलले नाही. बाबा काठाकाठाने चालत होते आणि मी मागून पोट सांभाळत. ते पाण्याकडे बघायचे, मान हलवायचे, पुढे जायचे. तोझाई लाइनच्या रेल्वेपुलाजवळ थांबले. नदी काठोकाठ भरली होती आणि खांबांना वळसा घालून पाणी नुकतंच समुद्राकडे उतरू लागलं होतं. "ओहोटी लागली की लहान मासळी खाली यायला निघते," ते म्हणाले. "मोठा आडोशाला उभा राहतो. त्याला कशाला पोहायचा त्रास, सगळं तोंडापाशी येतं." मला बसायला काहीच नव्हतं. मी कठड्याला टेकले आणि कोन्बिनीतून आणलेला भाताचा गोळा खाल्ला.

प्लास्टिकचा मासा फेकायला त्यांना जमत नव्हतं. दोनदा तो त्यांच्याच टोपीत अडकला. शेजारी गळ टाकून उभ्या असलेल्या माणसाने हसू दाबलं आणि वाकून नमस्कार केला, बाबांनीही तसाच केला. पुलावरून गाड्या धडधडत जात होत्या, पण बाबांनी एकदाही वर पाहिलं नाही. मग दोरी ताणली. काठी एकदम वाकली, आणि खांबाच्या सावलीतून तो वर उसळला. अख्खाच्या अख्खा पाण्याबाहेर, तोंड उघडून डोकं झाडत. मी किंचाळले. शेजारचा माणूसही ओरडला. पुढच्या क्षणी दोरी ढिली पडली आणि प्लास्टिकचा मासा एकटाच परत आला.

मला वाटलं, संपलं. मी बाबांच्या तोंडाकडे बघायलाच तयार नव्हते. पाहिलं तर ते लहान पोरासारखे हसत होते. "पाहिलास? पाहिलास काय बाय, केवढा होता! हातभर तरी होता. नाही, हाताहून मोठा." घरी येईपर्यंत तो दीड हात झाला होता. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "वा. मग मसाला कशाला लावू, काठीला?" या वेळी त्यांनी तिला उत्तर दिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुपारी मी झोपून उठले तर बाबा कॅलेंडरसमोर उभे होते. हातात पेन्सिल, ओठांवर पाऊणकी. एकेका तिथीवरून बोट फिरवत ते पुढे सरकत होते. पान उलटलं. माझ्या बाळंतपणाच्या तारखेवर आईने कुंकवाचं टिंब देऊन ठेवलं होतं, कार्तिक शुद्ध नवमी. त्यांचं बोट तिथे थांबलं.

"नवमीला दुपारी पाऊणची भरती आहे," ते म्हणाले. "चांगली वेळ होती. पण त्या दिवशी नाही जमायचं, आपण दवाखान्यात असू." मग त्यांनी बोट एक घर पुढे नेलं. "दशमीला बघू. नाही तर एकादशीला."

मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. आई लाडू वळत होती. तिने माझ्याकडे पाहिलं, हात पुसले आणि माझे डोळे पुसायला पदर पुढे केला. या वेळीही कारण होतं.